कुंडीत लावलेले आले का कुजते, आणि घरचे आले कसे वापरावे?

आपण लिहिले आहे की गेल्या जूनमध्ये कुंडीत लावलेले आले चांगले उगवले, पण ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडून रोप आडवे झाले. ते रोप हलकेच ओढताच बुंध्यापासून सुटून हातात आले असेल आणि खालचा कंद मऊ पडून त्याला घाण वास येत असेल, तर ती कंदकूज होय. माझे बालपण सातारा जिल्ह्यात आल्याच्या शेतात गेले, आणि आमच्याकडे या रोगाइतकी धास्ती दुष्काळाचीही नसे. पिथियम नावाची बुरशी मुळाशी साचलेल्या पाण्यात झपाट्याने पसरते. म्हणूनच शेतकरी आले सपाट जमिनीत न लावता गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या मातीच्या वाफ्यावर लावतात. आपल्या कुंडीची भोके बहुधा बुजलेली असावीत, किंवा खाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचून राहिले असावे. त्या कुंडीतील माती पुन्हा आल्यासाठी वापरू नका.

लावणीसाठी जून थोडा उशिराचा ठरतो. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बेणे (लावणीसाठीचा कंदाचा तुकडा) मातीत गेले, म्हणजे जोराचा पाऊस सुरू होण्यापूर्वी मुळे धरतात. आमच्या घरी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधला जाई. बाजारातील आलेही चालते, मात्र ते सुरकुतलेले नसावे आणि त्यावर डोळे फुगलेले दिसावेत. साधारण 30 ते 40 ग्रॅमचा, दोन-तीन डोळ्यांचा तुकडा मोडून त्याची जखम एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावी, आणि मग डोळा वर ठेवून दोन बोटे खोल लावावा. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी, कारण कंद आडवा वाढतो. मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. कोंब दिसायला तीन आठवडेही लागतात. तोवर उकरून पाहण्याचा मोह आवरावा (मला तो अजूनही आवरत नाही). पुढे कंद उघडा पडू लागला की मातीची भर द्यावी. आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळली की काढणी करावी.

स्वयंपाकाविषयी एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्यामुळे अनेकांचा चहा नासतो. ताज्या आल्यात दुधातील प्रथिने तोडणारे एक विकर असते, त्यामुळे कोमट दुधात कच्चे आले पडले की दूध फाटू शकते. उकळीने हे विकर निकामी होते. म्हणून आले ठेचून आधी पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळ उकळावे आणि दूध त्यानंतर घालावे. सुंठ ही केवळ वाळलेले आले नव्हे. वाळताना आल्यातील जिंजेरॉल या तिखट द्रव्याचा काही भाग शोगाओल या अधिक तिखट द्रव्यामध्ये बदलतो आणि तिखटपणा अधिक झणझणीत होतो, त्यामुळे पुरणात किंवा सुंठवड्यात आल्याचा रस घालून ती चव येत नाही.

औषध म्हणून माझ्या अपेक्षा माफक आहेत. प्रवासातील मळमळीवर आल्याचा तुकडा चघळणे आणि जेवणापूर्वी आले, लिंबू व सैंधव यांचे पाचक घेणे, एवढे आमच्या घरी नियमित चालते. घसा खवखवत असेल तर आल्याचा रस मधातून चाटतो, पण एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर रोज अधिक प्रमाणात आले घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना रिकाम्या पोटी आले हमखास जळजळते.

काढणीनंतर सगळे आले संपवू नका. दोन-तीन निरोगी, फुगीर कंद न धुता कोरड्या वाळूत सावलीला ठेवले, की पुढच्या एप्रिलपर्यंत त्यांना आपोआप डोळे फुटू लागतात.