घराच्या पश्चिमेला अबोली लावावी की बकुळ?

आपण विचारले आहे की, साताऱ्याजवळच्या नव्या घराच्या पश्चिमेस 18 फूट रुंद आणि 25 फूट लांब मोकळी जागा आहे, आईंना तेथे गजऱ्यासाठी अबोलीचे ताटवे हवे आहेत, वडिलांना सावलीसाठी बकुळ हवी आहे, आणि जागा लहान असल्याने दोहोंपैकी एकाचीच निवड करायची आहे. माझेही घर याच भागात असून गेली सुमारे वीस वर्षे मी या दोन्ही झाडांची निगा राखत आलो आहे. माझे मत स्पष्ट आहे: बकुळीची जागा आधी निश्चित करावी, आणि आईंची अबोली तिच्या आधाराने लावावी. यामागची कारणे थोडी सविस्तर सांगतो, कारण झाड एकदा लावले की चूक दुरुस्त करणे अवघड असते.

पहिला मुद्दा उन्हाचा आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, म्हणजेच ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो येतो. त्या काळात मध्यान्हीचे ऊन छतावर पडते आणि अंगणातले कोणतेही झाड ते अडवू शकत नाही. घर खऱ्या अर्थाने तापते ते त्यानंतर, जेव्हा दुपारी दोनपासून सायंकाळपर्यंत तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर थेट पडत राहते आणि तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहते. त्यामुळे सावलीच्या झाडासाठी पश्चिम ही सर्वांत उपयोगी दिशा आहे, आणि आपली मोकळी जागा नेमकी तिकडेच आहे.

आता हीच जागा अबोलीच्या दृष्टीने पाहा. अबोली ही अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुळातली, दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील बहुवर्षायू वनस्पती आहे. तिला ऊब आणि दमटपणा मानवतो, सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची विरळ सावली मिळाली तर ती जवळजवळ वर्षभर फुलते. घराच्या पश्चिमेला मात्र याच्या उलट स्थिती असते: सकाळी तेथे घराचीच सावली असते आणि दुपारी भिंतीवरून परावर्तित झालेल्या उष्णतेसह पूर्ण ऊन असते. मी स्वतः पहिल्या वर्षी अशाच उघड्या जागेत अबोलीची दोन डझन रोपे लावली होती. पावसाळा आणि हिवाळा त्यांनी उत्तम काढला, परंतु एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपू लागल्या, तुरे अर्धवट उमलून वाळले, आणि दररोज पाणी देऊनही मे संपेपर्यंत निम्मी रोपे गेली. दोष रोपांचा नव्हता, मी निवडलेल्या जागेचा होता. आपण केवळ अबोली लावण्याचे ठरवले तर त्या जागेत तीही सुखाने राहणार नाही.

बकुळीविषयी मला विशेष ममत्व आहे, कारण माझे आजोळ सावंतवाडीकडचे, आणि तिकडे तिला ओवळ म्हणतात. पहाटे अंगणात पडलेली चांदणीसारखी फुले वेचणे आणि ती दोऱ्यात ओवून वळेसर करणे हे आम्हा मुलांचे काम असे. वाळलेल्या फुलांनाही महिनोन् महिने सुगंध राहतो, म्हणून आजी ती लुगड्यांच्या घडीत ठेवीत असे. परंतु ममत्व बाजूला ठेवूनही तिचे गुण मोठे आहेत. ती चिकूच्या कुळातली असून सदाहरित आहे, म्हणून ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण होत नाही, तिचा पर्णसंभार दाट आणि घेर आपसूकच गोलसर असतो, आणि तिचे लाकूड कठीण व चिवट असल्याने वादळात फांद्या सहज मोडत नाहीत. ज्या गुलमोहराची शिफारस आपल्याला कोणी ना कोणी करीलच, त्याची गोष्ट याच्या उलट आहे: तो मूळचा मादागास्करचा, झपाट्याने वाढणारा, पण ठिसूळ फांद्यांचा आणि उथळ, पसरणाऱ्या मुळांचा आहे. घरापासून 15 फुटांच्या आत तो लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

बकुळीचा एकच मोठा दोष आहे, तो म्हणजे तिची संथ वाढ. पहिली पाच-सात वर्षे जिला सावली म्हणता येईल अशी सावली मिळत नाही, आणि बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुले यायला त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. माझ्या माहितीतल्या अनेकांनी याच कारणाने तिसऱ्या-चौथ्या वर्षी धीर सोडला आणि ती उपटून दुसरे काही लावले, याचे मला वाईट वाटते. वास्तविक ही मधली वर्षे रिकामी घालवण्याचे कारणच नाही. अबोलीचे झुडूप तीन-चार वर्षे जोमाने फुलते, त्यानंतर ते खालून उघडे पडते, खोड लाकडासारखे टणक होते आणि नवी रोपे लावावी लागतात. म्हणजे बकुळ मोठी होईपर्यंतच्या काळात अबोलीच्या दोन पिढ्या तिच्या सोबतीने सहज होऊन जातात. ‘एकाचीच निवड’ ही अट जागेच्या मापामुळे आलेली दिसते, वर्षांचा हिशेब धरला तर ती उरत नाही.

प्रश्न राहतो तो सुरुवातीच्या उन्हाळ्यांत अबोलीला सावली कोण देणार हा. त्याचे उत्तर आपल्या पानमळेवाल्यांकडे आहे. नाजूक नागवेलीला आधार आणि विरळ सावली मिळावी म्हणून ते शेवरी, शेवगा किंवा हदगा लावतात. मी कुंपणाच्या आतल्या बाजूस हदग्याची दोन झाडे लावली होती. वर्षभरात ती डोक्यावर गेली, त्यांच्या बारीक पानांतून गाळलेले ऊन खाली येऊ लागले आणि फुलांची भाजीही मिळाली. बकुळीने अंग धरल्यावर, साधारण पाचव्या वर्षी, हदगा काढून टाकला. तोवर तो तिच्यावर वाकणार नाही इतके अंतर आणि वेळच्या वेळी छाटणी एवढीच काळजी घ्यावी लागली.

आखणी करताना बकुळीचा बुंधा घराच्या भिंतीपासून किमान 11 ते 12 फुटांवर यावा. आपल्या रुंदीत कुंपणाकडे सहा फूट उरतील, ते चालेल, पण पुढे त्या बाजूच्या फांद्या शेजाऱ्यांच्या हद्दीत जाणार असल्याने त्यांच्याशी आताच बोलून घ्यावे. शौचकूपाची टाकी किंवा पाण्याची नळवाहिनी त्या पट्ट्यात नाही याची खात्री करावी. असल्यास बकुळीचा विचार सोडून त्या जागी हदगा आणि अबोली एवढ्यावरच थांबावे, हा एक अपवाद मी मानतो. जागा निवडताना इतका विचार करण्याचे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी 1975 साली कायदा झाला असून, वाढलेले झाड स्वतःच्या आवारातले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अबोलीचा वाफा मात्र आपण हव्या त्या दिवशी हलवू शकता.

आपल्याकडे वरची माती काढली की लगेच मुरूम लागतो, म्हणून बकुळीसाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा आणि पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत घालून जूनच्या पावसात रोप लावावे. पिशवीत वर्षानुवर्षे राहून मुळे गुंडाळली गेलेले उंच रोप घेण्यापेक्षा दोन-अडीच फुटांचे सरळ मुळाचे रोप घ्यावे. पहिले तीन उन्हाळे आळ्यात पाणी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. त्यानंतर ती बहुतांशी पावसावर राहते. अबोलीला मात्र संबंध उन्हाळा एक दिवसाआड पाणी लागतेच, आणि पाणीटंचाईच्या गावात हा फरक लहान नाही.

अबोलीचा वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, कारण मुळाशी पाणी साचले की मर रोग येऊन उभे रोप दोन दिवसांत माना टाकते. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी हेही तिचे जुने दुखणे आहे. त्यासाठी लावणीच्या वेळी मातीत निंबोळी पेंड मिसळावी आणि नवी पिढी लावण्याआधी त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू घ्यावा. फुलून गेलेले तुरे खुडत राहिल्यास नवे तुरे लवकर येतात. बी हवे असल्यास काही तुरे राखावे, मात्र पाण्याचा थेंब लागताच पक्व बोंडे तडकून बी दूर उडते, म्हणून ती कोरडी असतानाच काढावीत. पुढे बकुळ मोठी झाल्यावर तिच्या खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढून बुंधा सात-आठ फुटांपर्यंत मोकळा ठेवावा, म्हणजे सायंकाळचे तिरपे ऊन खाली अबोलीपर्यंत येत राहील. अगदी बुंध्याशी अबोली धरणार नाही. तिचे वाफे तेव्हा उत्तर आणि दक्षिण टोकांना सरकवावे लागतील.

या जूनमध्ये बकुळ, हदगा आणि अबोली एकाच आठवड्यात लावता येतील. अबोलीची वीस-पंचवीस रोपे फूटभर अंतराने लावली, तर दसऱ्याच्या सुमारास आईंना पहिला गजरा करता येईल.