तड्यांच्या पैशांसाठी सही करण्याआधी

प्रश्न : घुग्घुसजवळच्या आमच्या गावापासून कोळशाची उघडी खाण पाऊण किलोमीटरवर आहे. सात महिन्यांपूर्वी खाणीचा नवा भाग सुरू झाला, तेव्हापासून घरात धुळीचा थर बसतो. सासूबाईंचा दमा बळावला, मुलीचा खोकला हटत नाही. ब्लास्टिंगने भिंतींना तडे गेलेत. कंपनी तड्यांचे २५ हजार देते, पण ‘यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून मागते. सही करू का?

उत्तर : ताई, आहे त्या मजकुरावर सही करू नका. पैसे घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर ‘फक्त भिंतींच्या नुकसानीपोटी’ असे लिहा आणि ‘यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ ही ओळ खोडायला लावा. त्या ओळीमुळे प्रदूषण मंडळाकडे जाण्याचा तुमचा हक्क बुडत नाही. तरी कंपनीचा वकील उद्या तोच कागद पहिल्यांदा पुढे करील. त्याच्या जागी मीही केला असता.

मला धास्ती वाटली ती ‘सात महिने’ वाचून. पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात, धुळीला आळा घालण्यासाठी त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायचा, तर वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहाच महिने मिळतात. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम महिना उरलाय. धूळ रोज उडते म्हणजे मुदतही रोज नव्याने मोजतील, या भरवशावर बसू नका. आजारपणाच्या भरपाईला कलम १५ खाली पाच वर्षे आहेत.

एका माणसाचा दमा खाणीमुळेच, हे सिद्ध करणे अवघड जाते. अटी मोडल्याचे दाखवणे त्या मानाने सोपे. खाणीच्या पर्यावरण मंजुरीत रस्त्यावर पाणी मारणे, ट्रकवर ताडपत्री, हवेची मोजणी अशा अटी असतात, आणि त्या पाळल्याचा सहामाही अहवाल कंपनीला द्यावा लागतो. तो मिळवा. ‘दररोज टँकर फिरतो’ असे त्यात असेल, तर धुळीने माखलेल्या रस्त्याचे तारखेसकट फोटो बोलतील. दवाखान्याचे केसपेपर जपा, ब्लास्टिंगची वेळ वहीत टिपा.

वकिलाच्या फीची चिंता नको. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. चंद्रपूरच्या न्यायालयात त्यांचे कार्यालय आहे. याच आठवड्यात जा, आणि त्या स्टॅम्पपेपरच्या मसुद्याचा फोटो सोबत न्या.