नळीसारख्या स्पंजचं वरचं भोक म्हणजे तोंड का?

तुम्ही विचारलंय, प्रवाळखडकावर उभ्या नळ्यांसारखा स्पंज दिसतो, त्याचं वरचं भोक हे तोंड असतं का, आणि तो प्रवाळातच का वाढतो.

तोंड नाही, उलट तिथून पाणी बाहेर पडतं. स्पंजला तोंड, पोट, मज्जातंतू यांतलं काहीच नसतं. पाणी आत शिरतं ते नळीच्या भिंतीवरच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे ऑस्टियांतून. भिंतीच्या आत कॉलर पेशींचे कप्पे असतात. प्रत्येक पेशीची कशाभिका, म्हणजे चाबकासारखा बारीक धागा, सतत हलून पाणी ओढते आणि तिच्याभोवतीच्या गाळणीत जीवाणू अडकतात. तेच त्याचं मुख्य अन्न. गाळलेलं पाणी मधल्या पोकळीत येतं आणि वरच्या भोकातून, म्हणजे ऑस्कुलममधून, निघून जातं. पाणबुडे कधीकधी फ्लोरेसिनचा हिरवा रंग नळीच्या बाहेरच्या अंगाला सोडून हे दाखवतात. थोड्याच वेळात धुराड्यातून धूर निघावा तसा तो रंग वरून बाहेर येतो. स्पंज हा प्राणी आहे हे पटवायला मला यापेक्षा चांगला पुरावा माहीत नाही.

उंच नळीचा फायदा असा की वापरलेलं पाणी दूर फेकलं जातं, तेच पुन्हा गाळावं लागत नाही.

बहामा, फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रातल्या ॲप्लिसिना आर्चेरी या स्पंजजातीच्या नळ्या दीड मीटरपर्यंत वाढतात. तिच्यात टोचणाऱ्या शुकिका, म्हणजे सुईसारखे कठीण काटे, नसतात, सांगाडा स्पाँजिन या प्रथिनाच्या तंतूंचा. म्हणूनच ती लवचीक असते. पेशींमध्ये ब्रोमीनयुक्त रसायनं असल्यामुळे बरेच मासे तिच्या वाटेला जात नाहीत. तरीही एंजलफिश आणि हॉक्सबिल कासव स्पंज खातातच.

प्रवाळच हवा असं मात्र नाही. चिकटायला टणक पृष्ठभाग, वाहतं पाणी आणि कमी गाळ एवढं लागतं, कारण गाळाने छिद्रं बुजतात. हे सगळं प्रवाळखडकाच्या उतारावर एकत्र मिळतं.

या नळ्यांत भाडेकरूही असतात. कॅलिस्पॉन्जिया व्हॅजिनालिस या स्पंजमध्ये ऑफिओथ्रिक्स लिनिएटा नावाचा भंगुरतारा (तारामाशाचा बारीक हातांचा नातलग) राहतो. रात्री बाहेर येऊन तो स्पंजच्या अंगावर साचलेले कण खातो, म्हणजे छिद्रं मोकळी राहायला त्याची मदतच होते.

डायव्हिंगला जाणार असाल तर एक विनंती. स्पंज पाहण्यासाठी पाण्याबाहेर काढू नका. आतल्या बारीक वाटांत हवा अडकते आणि तो मरू शकतो.