बरणीच्या बुडाची चार अक्षरे

प्रश्न : माझ्या आजोबांनी ग्रँट रोडला एका पारशी कुटुंबाच्या घरसामानाच्या लिलावात घेतलेली चिनी मातीची झाकणाची बरणी आमच्याकडे आहे. निळ्या जमिनीवर बर्फाला तडे गेल्यासारखी नक्षी व प्लमची पांढरी फुले आहेत. बुडाशी दुहेरी वर्तुळात चार चिनी अक्षरे आहेत. एका विक्रेत्याने ती ‘कांगशी काळात बनवले’ अशी वाचून बरणी तीनशे वर्षांची ठरवली. हे ग्राह्य धरावे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : विक्रेत्याचे वाचन बरोबर असेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. कांगशी सम्राटाची कारकीर्द १६६२ ते १७२२ अशी धरली जाते आणि ही नक्षी त्याच काळात लोकप्रिय झाली, हे खरे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात जुन्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे वेड पसरले, तेव्हा चीनमधील कारागिरांनी अशाच बरण्या पुन्हा घडवल्या आणि त्यांच्या बुडाशी कांगशीचे नाव, बहुधा चारच अक्षरांत, लिहिले. कांगशीच्या शाही भांड्यांवरील खूण साधारणतः सहा अक्षरांची असे. गंमत म्हणजे १६७७ मध्ये, खुद्द कांगशीच्याच राजवटीत, जिंगदेझेन या भांड्यांच्या गावी बाजारासाठी बनणाऱ्या मालावर सम्राटाचे नाव घालण्यास स्थानिक अधिकाऱ्याने मनाई केली होती. त्यामुळे त्या काळच्या अनेक अस्सल भांड्यांवर रिकामे दुहेरी वर्तुळ, एखादे पान किंवा दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग सम्राट चेंगहुआचे नाव आढळते. जुन्या कारागिरीचा मान राखण्यासाठीही असे नाव घालत, म्हणून अशा प्रत्येक खुणेला फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तेव्हा आधी भांडे पाहावे, खूण शेवटी. कांगशीकालीन चांगल्या कामात निळा रंग गडद-फिक्या छटांनी भरलेला दिसतो आणि बर्फाचे तडे सैल हाताने ओढलेले असतात. नंतरच्या मालात रंग बहुधा सपाट आणि रेषा साचेबंद वाटते. बुडाची बिनझिलईची कडही भिंगाखाली तपासावी, कारण वापराने पडलेले ओरखडे वेगवेगळ्या दिशांना जातात, तर मुद्दाम घासून जुनी केलेली कड एकसारखी झिजलेली दिसते.

पारशी घराण्यातून आल्याचा आधारही येथे पुरत नाही. मुंबईचा चीनमधील कॅंटन बंदराशी कापूस व अफूचा व्यापार एकोणिसाव्या शतकातही जोरात असल्याने त्या घरांत सर्व वयांची चिनी भांडी आली. माझा कल बरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची मानण्याकडे आहे; तरीही छायाचित्रावरून नव्हे, तर प्रत्यक्ष वस्तू हाताळून जाणकाराने मत द्यावे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी भांडी आहेत, ती एकदा डोळ्यांखालून घालावीत. तोवर बुडाच्या कडेवरील मळ घासून काढू नये, कारण तपासणाऱ्याला तोही उपयोगी पडतो.