वाचकांचे प्रश्न : उत्तराला वेळ का लागतो?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. मोबाइलवरच्या एका खेळात अक्षरं दिसतात आणि तो खरा शब्द आहे की बनावट, हे बटण दाबून सांगायचं असतं. माझ्या मुलीला लागतो त्याच्या जवळपास दीडपट वेळ त्यांना लागतो. बुद्धी मंदावली असं समजायचं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नुसत्या वेळेवरून तसं समजू नका. एकाच वेळेत निदान तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि सरासरी काढली की त्या वेगळ्या दिसेनाशा होतात. त्या सुट्या करायचं सर्वांत जुनंजाणतं साधन म्हणजे रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ साली मांडलेलं डिफ्यूजन मॉडेल. त्यात असं धरलेलं असतं की मेंदू अडखळत, कधी पुढे कधी मागे होत पुरावा गोळा करतो. ‘खरा शब्द’ आणि ‘बनावट’ अशा दोन सीमा असतात. त्यातली जी आधी गाठली जाईल ते उत्तर.

पुरावा जमण्याचा सरासरी वेग म्हणजे ड्रिफ्ट. दोन सीमांमधलं अंतर म्हणजे माणूस किती सावध आहे. आणि अक्षरं डोळ्यांनी टिपण्यात व बोट हलवण्यात जातो तो निर्णयाबाहेरचा वेळ.

आता मुद्दाम तयार केलेले आकडे बघा. ड्रिफ्ट ०.१, सीमांतलं अंतर ०.१४, निर्णयाबाहेरचा वेळ ०.३० सेकंद असेल, तर सरासरी उत्तर ०.७२ सेकंदात येतं आणि ८० टक्के उत्तरं बरोबर येतात. ड्रिफ्ट तोच ठेवून अंतर ०.१८ आणि बाहेरचा वेळ ०.४० केला, की सरासरी १.०४ सेकंदांवर जाते आणि बरोबर उत्तरं ८६ टक्के होतात. वेळ जवळपास दीडपट झाला, पण पुरावा जमण्याचा वेग तिळभरही कमी झालेला नाही.

हे फक्त कागदावरचं नाही. रॅटक्लिफ, अंजली थापर आणि गेल मकून यांनी तरुण आणि ज्येष्ठ व्यक्तींवर असे बरेच प्रयोग केले. खऱ्या-बनावट शब्दांच्या कामासह अनेक कामांत ज्येष्ठांचा ड्रिफ्ट तरुणांच्या जवळपासच निघाला. वेळ वाढला तो सावधपणामुळे आणि निर्णयाबाहेरच्या भागामुळे. सगळ्याच कामांत तसं होत नाही. अक्षर क्षणभर दाखवून झाकून टाकलं, तर ते ओळखण्यात ज्येष्ठांचा ड्रिफ्टही कमी भरतो. तेव्हा वडिलांची बरोबर उत्तरं मुलीइतकीच किंवा जास्त असतील, तर ते फक्त घाई करत नसतील, अशी शक्यता मोठी. मात्र रोजचे व्यवहार चुकणं, ओळखीचा रस्ता विसरणं असं काही होत असेल, तर खेळाचे आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : एम. ए.च्या प्रबंधासाठी ४० जणांकडून मराठी शब्द आणि बनावट शब्द ओळखून घेतले, प्रत्येकी २०० नमुने. सरांनी डिफ्यूजन मॉडेल लावायला सांगितलं. आकडेमोड केली, पण तीन-चार जणांचा निर्णयाबाहेरचा वेळ ०.०८ सेकंद असा काहीतरीच येतो. कुठे चुकतंय?
– मानसशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक एखादंच उत्तर घात करतंय. तुम्ही वापरलेली रीत वागेनमेकर्स, व्हान डर मास आणि ग्रासमन यांची २००७ सालची ‘ईझी’ रीत असावी, कारण ती कॅल्क्युलेटरवरही होते. तिला प्रत्येक माणसाचे तीनच आकडे लागतात : बरोबर उत्तरांचं प्रमाण (प), बरोबर उत्तरांच्या वेळेचा सरासरी आकडा, आणि त्याच वेळेचं प्रसरण, म्हणजे वेळा सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप (वि). आधी प ÷ (१ − प) याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा, त्याला ल म्हणू. मग

ड्रिफ्ट = ०.१ × चौथं मूळ [ल × (प²ल − पल + प − ०.५) ÷ वि]

सीमांतलं अंतर = ०.०१ × ल ÷ ड्रिफ्ट

निर्णयाला लागलेला वेळ = (अंतर ÷ दुप्पट ड्रिफ्ट) × (२प − १). सरासरीतून तो वजा केला की उरतो निर्णयाबाहेरचा वेळ. (प ०.५ पेक्षा कमी असेल तर ड्रिफ्ट उणा धरायचा.)

प ०.८०२, प्रसरण ०.११२, सरासरी ०.७२३ घालून बघा. ड्रिफ्ट ०.१, अंतर ०.१४ आणि बाहेरचा वेळ ०.३० आलाच पाहिजे. नाही आला, तर सूत्र टंकताना चूक झाली आहे. ड्रिफ्ट ०.००३ च्या आसपास आला, तर वेळ सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत भरलाय.

आता याच माणसाच्या १६० बरोबर उत्तरांत ६ सेकंदांचं एक उत्तर घाला. मधेच फोन वाजला, लक्ष गेलं, इतकंच. सरासरी ०.७२३ वरून ०.७५६ झाली, म्हणजे फारशी हलली नाही. पण प्रसरणात फरकाचा वर्ग मोजला जातो, त्यामुळे ते ०.११२ वरून ०.२८३ झालं. ड्रिफ्ट घसरून ०.०७९, अंतर वाढून ०.१७६, आणि निर्णयाबाहेरचा वेळ ०.०८ सेकंद! एवढ्या वेळात शब्द वाचून बटण दाबणं कुणालाच शक्य नाही. तुमच्या त्या तीन-चार जणांच्या कच्च्या नोंदी उघडा आणि वेळेच्या क्रमाने लावा. शेवटच्या एक-दोन ओळींत दोषी सापडेल.

गाळण्याची मर्यादा मात्र निकाल बघण्याआधी ठरवून लिहून ठेवा. ०.२५ सेकंदांच्या आतली उत्तरं अंदाजपंचे दाबलेली असतात आणि या कामात ३ सेकंदांपुढची बहुधा लक्ष उडाल्याची. ‘सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांबाहेरचं सगळं काढा’ हा सर्रास वापरला जाणारा नियम इथे टाळा. वेळेचं वितरण मुळातच उजवीकडे लांबलेलं असतं. तो खरा शेपटा कापला, तर प्रसरण खोटं कमी होतं आणि ड्रिफ्ट फुगतो.

एखाद्याची सगळी उत्तरं बरोबर असतील तर ल अनंत होतो. तिथे प च्या जागी १ − १ ÷ (२ × नमुन्यांची संख्या) घाला. २०० नमुन्यांना ०.९९७५. प बरोबर ०.५ आला तर अंतर काढताच येत नाही, तो माणूस वगळा आणि वगळल्याचं प्रबंधात नमूद करा.

ही रीत असंही गृहीत धरते की माणूस दोन्ही सीमांच्या बरोबर मध्यापासून सुरुवात करतो. खरे शब्द १५० आणि बनावट ५० असं ठेवलं असेल, तर लोक आधीच ‘खरा’कडे झुकतात आणि हे गृहीतक मोडतं. शिवाय रीतीनुसार चुकीच्या आणि बरोबर उत्तरांची सरासरी सारखी असायला हवी. चुका ठळकपणे जलद किंवा ठळकपणे संथ दिसल्या, तर ईझी सोडून पूर्ण मॉडेलकडे जा. फास्ट-डीएम किंवा एचडीडीएम ही साधनं मोफत आहेत. त्यांत गोंगाटाचं, म्हणजे पुरावा कधी पुढे कधी मागे ढकलणाऱ्या अनियमिततेचं, माप ०.१ ऐवजी १ धरलेलं असतं, त्यामुळे ड्रिफ्ट आणि अंतर दहापट दिसतं. वेळ तोच राहतो.

मराठीसाठी दोन गोष्टी. शब्दाची लांबी संगणकाला मोजू देऊ नका : ‘क्षत्रिय’ हा शब्द युनिकोडमध्ये ८ चिन्हांचा भरतो, वाचणाऱ्याला अक्षरं तीनच. आणि बनावट शब्द मराठी वळणाचे हवेत. ‘खिडकी’वरून ‘खिडपी’ चालेल. उच्चारताच न येणारी जोडाक्षरं रचली, तर वाचायच्या आधीच उत्तर कळतं आणि ड्रिफ्टला अर्थ उरत नाही.

प्रश्न : डिफ्यूजन मॉडेलचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला. ड्रिफ्ट ०.१, अंतर ०.१४, बाहेरचा वेळ ०.३० असे आकडे घातले, पण १०० टक्के उत्तरं बरोबर येतात आणि वेळ प्रत्येक वेळी १ सेकंद. असं का?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : गोंगाटाला वेळेच्या पावलाने गुणलंय. गुणायचं असतं पावलाच्या वर्गमुळाने. पाऊल ०.००१ सेकंद असेल तर प्रत्येक पावलाला ड्रिफ्टचा वाटा ०.०००१ आणि गोंगाटाचा साधारण ०.००३२, म्हणजे तीसपट. तुमच्या प्रोग्राममध्ये दोन्ही ०.०००१ झाले, गोंगाट मेला, आणि पुरावा मध्यापासून सीमेपर्यंतचं ०.०७ अंतर सरळ रेषेत चालत गेला : ०.७ सेकंद, अधिक बाहेरचे ०.३. दुरुस्तीनंतर १०,००० वेळा चालवा. बरोबर उत्तरं ८० टक्क्यांच्या आणि सरासरी ०.७२ च्या जवळ यायला हवी.

प्रश्न : दोन पत्त्यांपैकी एक निवडायचा, कधी बक्षीस मिळतं कधी नाही, अशा प्रयोगात प्रत्येकाचा शिकण्याचा दर काढला. ३० खेळींचा एक खेळ दोनदा घेतला, तर त्याच माणसाचा दर एकदा ०.१ आणि एकदा ०.३ येतो. माणूस बदलला की मॉडेल चुकीचं?
– संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांच्या १९७२ च्या नियमाप्रमाणे पत्त्याची नवी किंमत (त्याच्याकडून बक्षिसाची अपेक्षा) म्हणजे जुनी किंमत अधिक दर × (मिळालेलं − अपेक्षित). निवडीसाठी किमतींतल्या फरकाला बीटाने गुणतात आणि त्या गुणाकारावरून तो पत्ता उचलण्याची शक्यता काढतात. बीटा मोठा तर माणूस फरकाला काटेकोरपणे धरून चालतो. दोन्ही पत्त्यांची किंमत ०.५ पासून सुरू करा आणि पहिल्याला एकदा बक्षीस (म्हणजे १) द्या. दर ०.३, बीटा ३ असेल तर किंमत ०.६५, फरक ०.१५, गुणाकार ०.४५. दर ०.१, बीटा ९ असेल तर किंमत ०.५५, फरक ०.०५, गुणाकार पुन्हा ०.४५. दोघंही तोच पत्ता पुन्हा उचलण्याची शक्यता ६१ टक्के. आणखी एक बक्षीस दिलं तर ६८ आणि ७० टक्के. एवढासा फरक ३० खेळींत कसा पकडणार?

म्हणून माणसांना बसवण्याआधी बनावट माणसं बसवा. दर आणि बीटा तुम्हीच ठरवलेले १०० खेळाडू संगणकात तयार करा, त्यांना तुमचाच ३० खेळींचा खेळ खेळवा, आणि आलेल्या निवडींवरून दर पुन्हा काढा. ठरवलेला दर आडव्या अक्षावर, काढलेला उभ्या अक्षावर मांडा. ठिपके तिरप्या रेषेभोवती न जमता विखुरले, तर तुमच्या प्रयोगातून तो दर काढताच येत नाही, मग माणूस कुणीही असो. खेळी वाढवा, मधेच कोणता पत्ता चांगला हे उलटवा, म्हणजे हळू आणि जलद शिकणारे वेगळे पडतात. दर काढलेला आणि बीटा काढलेला यांचा आलेखही बघा. एक वाढला की दुसरा घटतो असं दिसलं, तर हीच अदलाबदल चालू आहे. त्या स्थितीत दोन गटांच्या दरांतला फरक प्रबंधात निष्कर्ष म्हणून छापू नका.