घरात सामान मोजकं, पण सॅका वाढतच चालल्यात

प्रश्न: नमस्कार ताई, मी दापोली तालुक्यात समुद्राजवळ राहतो. आमच्या घरात सामान अगदी मोजकं आहे, माझे कपडे एका फळीवर मावतात, टीव्ही नाही आणि त्याची आठवणही येत नाही. पण चांगली सॅक दिसली की मला राहवत नाही. रोजची एक, ट्रेकची ३० लिटरची, मुक्कामाची ५० लिटरची, होडीतून सुवर्णदुर्गला जायचं म्हणून ड्राय बॅगा (तोंड दुमडून बंद करायच्या, पाणी आत न येणाऱ्या पिशव्या), शिवाय दोन हेडटॉर्च, पोंचो, कॅरीमॅट, बुटांचे जोड. यातलं फालतू काहीच नाही, सगळं कामाचं, म्हणूनच काढवत नाही. बायको म्हणते, कमी सामानाचा तुझा नियम सॅकांना लागू नाही का? काय ठेवू, काय काढू?

उत्तर: दादा, वहिनींचा प्रश्न रास्त आहे, पण तुम्ही ढोंग करताय असं मला अजिबात वाटत नाही. ज्याला कमी वस्तूंत राहायचं असतं तो प्रत्येक वस्तू नीट पारखून घेतो आणि चांगली शिवलेली सॅक त्या पारखीला उतरतेच. अडचण अशी की 'कामाची आहे का' असं विचारलं तर प्रत्येक सॅकचं उत्तर हो असंच येणार, कुठल्या ना कुठल्या कामाला ती येतेच ना. म्हणून दुसरा प्रश्न विचारा, हिला पावसाळ्यात कोण सांभाळणार?

आपल्याकडे हा प्रश्न टाळताच येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा दमट, वर खारं वारं, त्यामुळे वापरात नसलेली सॅक माळ्यावर पडल्या पडल्या खराब होते. बऱ्याच सॅका आणि पोंचोंना आतून पॉलियुरेथेनचं कोटिंग असतं, पाणी अडवणारा थर तो. हवेतला ओलावा त्या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतो, उष्णता असली की आणखी लवकर, आणि मग आतून हात फिरवला की चिकट लागतं, आंबूस वास येतो, पापुद्रे सुटतात. एकदा तिथवर गेलं की धुऊन पुसून काही परत येत नाही. सिलिकॉन कोटिंगवाल्या नायलॉनला हा त्रास असा होत नाही, पण ते महाग. डांबरगोळ्या टाकून बुरशी थांबेल म्हणाल तर त्या किड्यांसाठी असतात, ओलावा ओढत नाहीत, त्याला सिलिका जेल लागतं आणि तेही अधूनमधून तापवून कोरडं करावं लागतं.

म्हणजे प्रत्येक सॅकमागे काम आहे. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने धुवायची, चेन आणि रनर तर खास करून, कारण धातूच्या रनरला खारं पाणी बसलं की तो गंजून जाम होतो. मग सगळे कप्पे उघडून सावलीत उलटी टांगायची. पावसाळ्यात ऊन पडलं की सगळं बाहेर काढून वारा द्यायचा. हे जेवढ्या सॅकांचं तुमच्याच्याने मनापासून होईल तेवढ्याच तुमच्या, बाकीच्या तुमच्याकडे फक्त कुजतायत. कपाटातल्या गर्दीपेक्षा हे माझ्या मनाला जास्त लागतं, चांगली वस्तू दुसऱ्या कोणाच्या पाठीवर वर्षानुवर्षं चालली असती.

आता तुमच्या यादीचं बोलू. ३० लिटरची ठेवाच, रसाळगड-सुमारगड तिच्यात आरामात होतात, आणि रोजची ठेवा. ५० लिटरची कितीदा निघते ते बघा. वर्षात एखाद्या मुक्कामाला लागत असेल तर ट्रेकवाल्या मित्रांमध्ये मिळून एक असली तरी चालतं. ड्राय बॅग मात्र एक चांगली हवीच, नुसती होडीसाठी नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा किती घरांतली कागदपत्रं भिजली ते आपण पाहिलंय, तर घराचे कागद, दाखले, पासबुकं पावसाळाभर तिच्यात घालून उंचावर ठेवा, तोंड निदान तीन वेळा दुमडून मगच बक्कल लावायचं. आणि जास्तीच्या रेन कव्हरांचा मोह सोडा. आपल्या पावसात पाणी पाठीकडून, पट्ट्यांच्या शिवणीतून आत येतंच, तिथे कव्हर पोचत नाही. सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भरलं की मागून कितीही पाणी आलं तरी कपडे कोरडे.

बाकीचं द्यायचं असेल तर पावसाळ्याआधी द्या, धड असताना. गावातली कॉलेजची पोरं गडावर जातात, त्यांच्याकडे बऱ्याचदा शाळेचं दप्तरच असतं. मे महिन्यात चाकरमानी भाचे-पुतणे येतात, त्यांना विचारा.

बूट देताना आधी तपासा. काही ट्रेकिंग बुटांच्या सोलच्या मधल्या थरातही तेच पॉलियुरेथेन असतं, वर्षानुवर्षं पडून राहिले की वरून नवेकोरे दिसतात आणि गड चढताना सोल भुगा होऊन निघतो. हाताने वाकवा, अंगठ्याने दाबा, भेग दिसली किंवा भुसभुशीत लागलं तर कोणाला देऊ नका आणि स्वतःही घालू नका. हेडटॉर्चमधले सेल आजच काढून ठेवा, पडून राहिले की पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. दोन्ही ठेवल्यात तर ठेवा, पण एक वहिनींच्या हाताशी असू दे, लाइट जाते तेव्हा लागेल.