ताजिकिस्तानला मिळालेली मदत गेली कुठे?

प्रश्न : ताजिकिस्तानात 1990 च्या दशकापासून जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रसंघ, आगाखान संस्था असे अनेक जण मदत करीत आहेत. तरीही तिथल्या लाखो तरुणांना मजुरीसाठी रशिया गाठावा लागतो. मग ही मदत वाया गेली असे समजायचे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वाया गेली असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. रशियातून मजूर घरी पाठवतात तो पैसा अलीकडच्या वर्षांत देशाच्या सकल उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास आहे. परकीय मदत त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे स्थलांतर थांबवण्याची अपेक्षा तिच्याकडून करणे गैर आहे. मदत देणारा निघून गेल्यावर गावात काय चालू राहिले, हे पाहावे असे मला वाटते, आणि त्यासाठी देशाच्या पूर्वेकडच्या पामीर या डोंगराळ भागाचे उदाहरण मोलाचे आहे.

सोव्हिएत काळात पामीरमधल्या खोरोग शहराला डिझेल, कोळसा आणि पीठ किरगिझस्तानातल्या ओश शहरातून डोंगरी रस्त्याने येत असे. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले आणि ते 1997 पर्यंत चालले. इंधनाचा पुरवठा तुटताच लोकांनी चुलीसाठी दऱ्याखोऱ्यांतली झाडे तोडली. पूर्वेकडच्या उजाड पठारावर तर तेरेस्केन नावाचे खुरटे झुडूप मुळासकट उपटून जाळले. आगाखान फाउंडेशनने 1993 पासून तिथे धान्य पोहोचवले, पण धान्य वाटून ती थांबली नाही. सामूहिक शेतीची जमीन कुटुंबांकडे जावी यासाठी तिने पाठबळ दिले, बी-बियाणे आणि खत पुरवले, गावोगावी ग्रामसंस्था उभ्या केल्या. भुकेच्या काळातच शेतीचा विचार करणारी ही दृष्टी मला फार महत्त्वाची वाटते.

विजेची कथा त्याहून बोलकी आहे. 2002 साली ‘पामीर एनर्जी’ या कंपनीला पामीरमधली वीजव्यवस्था 25 वर्षांच्या कराराने चालवायला दिली गेली. त्यात आगाखान समूहाचे आणि जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे भांडवल होते, शिवाय जागतिक बँकेचे सवलतीचे कर्ज होते. गुंट नदीवरच्या पामीर-1 केंद्राची क्षमता 14 मेगावॉटवरून 28 मेगावॉट करण्यात आली. खरी अडचण मात्र हिवाळ्याची होती. थंडीत बर्फ वितळणे थांबते, नदीचे पाणी उतरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत घराघरांत विजेची शेगडी पेटवावी लागते. म्हणून वरच्या बाजूच्या यशिलकुल सरोवराच्या मुखाशी पाणी अडवून हिवाळ्यात सोडण्याची सोय करण्यात आली.

आता दराचे पाहा. वीज फुकट दिली तर कंपनी बुडणार आणि पूर्ण दर लावला तर लोक पुन्हा झाडांवर कुऱ्हाड चालवणार, हे उघड होते. त्यामुळे स्वित्झर्लंडने दिलेले अनुदान दरातली तूट भरून काढण्याकडे वळवले गेले. प्रत्येक घराला गरजेपुरती ठरावीक युनिटे अगदी कमी दराने आणि त्यापुढची जास्त दराने, अशी रचना झाली. घरात मीटर लागला, बिल येऊ लागले आणि तारा-रोहित्रांच्या दुरुस्तीला पैसा मिळू लागला. पुढे 2008 पासून पंज नदीपलीकडच्या अफगाण गावांनाही इथूनच वीज जाऊ लागली.

शाळांतल्या जेवणातही हाच धागा दिसतो. जागतिक अन्न कार्यक्रमाने 1999 पासून ग्रामीण भागातल्या प्राथमिक वर्गांना गरम जेवण सुरू केले. पीठ, वाटाण्याची डाळ, तेल आणि मीठ बाहेरून येते, तर स्वयंपाकाच्या खर्चात पालकही हातभार लावतात. शालेय पोषण आहार जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकांना, पालकांचा असा सहभाग किती मोलाचा असतो हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : चीनची मदत आणि जागतिक बँकेची मदत यांत फरक काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ‘मदत’ या एकाच शब्दात आपण अनुदान आणि कर्ज दोन्ही कोंबतो, तिथे घोटाळा होतो. ताजिकिस्तानला सर्वाधिक कर्ज देणारी एकटी संस्था म्हणजे चीनची निर्यात-आयात बँक. रस्ते, बोगदे आणि वीजवाहिन्या त्यातून झाल्या, पण ते पैसे फेडायचे आहेत. वख्श नदीवरच्या 335 मीटर उंचीच्या नियोजित रोगुन धरणासाठी सरकारने 2017 मध्ये 50 कोटी डॉलरचे रोखे 7 टक्क्यांहून अधिक व्याजाने विकले. त्याच धरणासाठी जागतिक बँकेने डिसेंबर 2024 मध्ये 35 कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. एकाच भिंतीत दोन प्रकारचा पैसा आहे. मात्र अनुदान असले म्हणून प्रश्न मिटत नाहीत, कारण या धरणासाठी 50 हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागणार आहेत. त्यांचे पुनर्वसन कसे होते यावरच मी त्या अनुदानाचे मोल ठरवीन.

प्रश्न : अमेरिकेने हात आखडता घेतल्याचा परिणाम कुठे जाणवेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्वांत आधी क्षयरोगाच्या उपचारांत. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये परकीय मदत रोखली आणि 1 जुलै 2025 रोजी ‘यूएसएड’ या तिच्या परकीय मदत संस्थेचे काम थांबले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशांत ताजिकिस्तान मोडतो आणि तिथल्या निदान-उपचारांना या संस्थेचा आधार होता. रस्त्याचे काम सहा महिने थांबले तर रस्ता उशिरा होतो; पण अशा क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्या मध्येच तुटल्या तर आजार बळावतो आणि घरातल्या इतरांनाही लागतो. दुसऱ्या कोणत्याही देणगीदाराने आधी ही जागा भरून काढावी.